डोळ्याला ओळंबा

"ऑपरेशन झोपवून करणार, मग खुणा करायला बसवलं कशाला?" स्टुलावर अंग चोरून बसलेल्या गवंड्यानं विचारलं.

"आडवं झालं की डोळा जागच्या जागी किंचित फिरतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छेद कुठं द्यायचा ते आधीच ठरवावं लागतं." त्यांनी शाईच्या पेनानं बुबुळाच्या कडेला एक ठिपका वर, एक खाली टेकवला.

कुठंतरी पाणी मुरतंय, हे गवंड्यानं ताडलंच होतं. दीड महिन्यापूर्वी याच बाईंनी या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि तेव्हापासून ओळंब्याची एक दोरी त्याला दोन दिसायला लागली. दुसरा डोळा चुन्यानं कधीच गेलेला. परवा वाकडी गेलेली नवीकोरी भिंत स्वतःच्या हातानं पाडावी लागली. आणि बाई म्हणतात काय, तर भिंग झकास बसलंय, बुबुळाची गोलाई तेवढी सारखी नाही, दोन बारीक छेद दिले की काम फत्ते! वा रे वा! चूक यांची आणि खापर माझ्या बुबुळावर.

"डॉक्टर, मी खूण तपासून घेणार."

"कशानं?"

त्यानं खिशातून ओळंबा काढून शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या हातात दिला. तीस वर्षं तिनं त्याला विटा दिल्या होत्या. तिच्या नजरेवर त्याचा डॉक्टरपेक्षा भरवसा. तिनं त्याच्या डोळ्यासमोर दोरी सोडली, वजन स्थिर होऊ दिलं, आपला एक डोळा मिटला.

"वाकडी आहे ना?" त्याला धीर धरवेना.

"नाही हो. दोन्ही ठिपके अगदी दोरीत आहेत."

गवंड्याचं तोंड उतरलं. बायको मात्र दोरी खाली घेईना.

"ठिपके दोरीत आहेत," ती सावकाश म्हणाली, "नाक नाहीये."

डॉक्टरीणबाई पुढं वाकल्या आणि चरकल्याच. एकाच्या दोन दोऱ्या दिसू नयेत म्हणून दीड महिना मान कलती धरून धरून गवंड्याला तीच सरळ वाटत होती. घरच्यांनाही सवय होऊन गेलेली.

"माझ्याही ध्यानात आलं नाही," त्या म्हणाल्या. "छेद भलतीकडेच गेला असता."

त्यांनी ठिपके पुसले, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि सरळ केलं.

"अगं, परत दोन दिसायला लागल्या!" तो ओरडला.

"दिसू देत," दोरी तशीच धरून बायको म्हणाली, "हलू नका."