शेंदराचं कवच

मी सतीआईच्या शिळेसमोर आरतीचं ताट धरून उभी होते. मालिकेत सतीआईचं काम मीच करते, आणि ती हसत हसत चितेवर चढते तो शेवटचा प्रसंग आज तिच्याच गावात चित्रित होणार होता.

गुरवाची म्हातारी शिळेला तेल लावत असताना वर्षानुवर्षांच्या शेंदराचं जाड कवच खपलीसारखं गळून पडलं. आत कोरलेल्या बाईच्या दोन्ही दंडांना दोर आवळलेला होता आणि तोंड किंचाळताना उघडावं तसं उघडं होतं.

"शेंदूर कालवा लवकर, ऊन उतरतंय," दिग्दर्शक म्हणाले.

"मी हसणार नाही," मी म्हटलं. "ती हसत गेलीच नव्हती."

माझी ओटी भरायला गावातल्या बायका सकाळपासून बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी उठून माझ्याजवळ आल्या. एकीनं माझा पदर सारखा केला.

"आई, असं नगं करूस. तू हसत गेलीस म्हणून तर आमची लेकरंबाळं जगली."

दोघींनी माझे दंड धरले, अगदी मायेनं, आणि मला चितेकडे चालवू लागल्या. मी सुटायला पाहिलं, तशी पकड आवळली.

भीतीनं मी हसले.