तीन ठिपके

‘अप्रतिम...!’ ‘कॅप्टन टर्बाइन’ या कॉमिकच्या नव्या अंकाच्या कव्हरवर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत छापलं होतं. खाली नाव : डोरीन व्होझ्नियाक.

मागच्या अंकाबद्दल डोरीनने लिहिलं होतं, ‘अप्रतिम कंटाळा!’ प्रकाशक कंपनीने ‘कंटाळा’ उडवला आणि त्या जागी ठिपके बसवले.

बुधवार होता. नवे अंक बुधवारी येतात. टोलेडो शहरातली गिऱ्हाइकं आधी डोरीनचं परीक्षण वाचतात, मग हर्बच्या कॉमिक्सच्या दुकानात पैसे काढतात. लामार या नेहमीच्या गिऱ्हाइकाने दुकानात आलेल्या डोरीनसमोर अंक काउंटरवर आपटला.

"तुझं नाव बघून घेतला, डोरीन! हा कॅप्टन मेला काय, स्वतःच्याच अंत्यविधीत उठून बसला काय! कंपनीवाले जेवायला बोलावतात वाटतं तुला?"

डोरीनला ते झोंबलं. तिच्याकडे दुसरी पुंजी नव्हती. शब्द होता, आणि लोक त्यावर विसंबत. तिने कंपनीच्या प्रसिद्धी विभागातल्या ट्रेव्हरला फोन लावला.

"अगं, जागा कमी पडते," तो मधाळ आवाजात म्हणाला. "आणि भांडायचंच असेल, तर विक्रीआधी तुला पाठवतो ते आगाऊ अंक बंद करतो. मग लिही, सगळ्यांनी विकत घेतल्यावर."

डोरीन भांडली नाही. पुढच्या परीक्षणाच्या जागी तिने नुसता कोरा चौकोन सोडला. काप म्हणावं आता!

त्यानंतरच्या अंकाच्या कव्हरवर छापून आलं : ‘निःशब्द!’ — डोरीन व्होझ्नियाक.

हर्बला हसू आवरेना. "हरलीस बाई! तोंड मिटलंस, तर मिटलेलं तोंडही विकलं त्यांनी."

डोरीनने लिहिणंच सोडलं. बुधवारी दुकान उघडलं, तशी तिने रॅकशेजारी खुर्ची ओढली आणि येईल त्याला खणखणीत आवाजात सांगू लागली. हा घे. तो ठेव. याचा चित्रकार दमलाय. याला खलनायकच नाही, नुसता आरडाओरडा आहे. माणसं कॅप्टनला रॅकवर परत ठेवून कुठल्याशा नवख्या कंपनीचे अंक उचलू लागली. हर्ब आधी कुरकुरला, मग गल्ल्याकडे बघून गप्प झाला. दर बुधवारी तिला कॉफीही आणून देऊ लागला.

काही महिन्यांनी ट्रेव्हरचाच फोन आला.

"डोरीन, आमचा ताजा अंक तुला आवडला म्हणे! तेवढं एक वाक्य लिहून दे ना. अख्खं छापतो, शप्पथ."

"बुधवारी ये आणि कानाने ऐक," डोरीन म्हणाली. "पण लामारच्या मागे उभा राहा. रांग आहे."