बाबांच्या पेशी

तोंडाच्या कॅन्सरनं बाबा गेले, पण त्यांच्या गाठीतल्या पेशी लेकीच्या प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. ‘वाढत राहा’ हा एकच संदेश त्यांच्यात अडकून बसला होता. तो बंद पाडणारं औषध ती शोधत होती. पेशींना खायला घालायला ती सुट्टीच्या दिवशीही जायची. आई करवादायची, “ज्यांनी तुझ्या बाबांना खाल्लं, त्यांनाच पोसत बसलीयेस!”

आज औषध लागू पडलं. हातमोजेही न काढता तिनं आईला फोन लावला. “आई, जमलं! संदेश बंद झाला. एकसुद्धा पेशी जिवंत राहिली नाही.”



“आई, ऐकतेयस ना?”

“आधी सांगायचंस ना गं,” आई कशीबशी म्हणाली, “शेवटचं येऊन बघितलं असतं त्यांना.”