मोजायचं राहून गेलं

कासवांच्या पिल्लांची बेरीज काही केल्या लागत नव्हती. दुपारी अहवाल पाठवायचा होता आणि एक्सेलची शीट सकाळपासून ‘एरर’च दाखवत होती. कासव-संवर्धन संस्थेतली शलाका एकेक रकाना तपासत गेली. अखेर एका ठिकाणी आकड्याऐवजी शब्द सापडले : ‘मोजायची राहिली.’

किनाऱ्यावरच्या राखणदाराला तिने चिडूनच फोन लावला. “पाडलेकरकाका, वीस वर्षं घरटी राखताय, आणि मोजायची राहिली?”

“चुकलंच, बाय. पहाटे सात घरटी एकदम फुटली. सगळी वाळूच समुद्राकडे चालायला लागली. मी नुसता बघत राहिलो. आता टरफलं मोजून आकडा कळवतो.”

शलाकाने कीबोर्ड बाजूला सारला.

“आकडा सावकाश कळवा, काका. आधी ते सगळं मला पुन्हा सांगा.”