खालची बाजू

"लिफ्टमध्ये मावत नाही म्हणजे नाही," काचवाला म्हणाला. "उचल."

आरसा माणसापेक्षा उंच होता आणि ऑर्डर मेहुण्यानं घेतली होती. चौथा मजला. लिफ्ट केवढी आहे ते बघायला आपण विसरलो, असं त्याचं म्हणणं. मेहुणा सहसा काही विसरत नसे.

वरची बाजू मेहुण्यानं धरली, खालची काचवाल्यानं. दुकानात पहिल्यापासून हाच रिवाज. वरचा उलटा चालतो. वजन सगळं खालच्यावर येतं, म्हणून 'चल' आणि 'थांब' हे दोन्ही शब्द खालच्याचे. वरच्यानं मुकाट पावलं टाकायची. खालची बाजू ज्याची, दुकान त्याचं, आणि मेहुण्याचा त्या बाजूवर डोळा होता.

पहिला मजला बरा गेला. दुसऱ्यावर काचवाल्याच्या मांड्या भरून आल्या. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून हे चाललं होतं. जिना म्हटला की मांड्यांत कुणीतरी ओली वाळू भरल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले होते, "सगळ्यांना होत नाही, पण स्नायू दुखले, अशक्तपणा वाटला, तर अंगावर काढू नका. येऊन सांगा, गोळी बदलता येते." काचवाल्यानं जन्मभर मन लावून केलेली गोष्ट एकच, सगळं अंगावर काढणं. रिपोर्ट मात्र झकास आला होता. रिपोर्ट सुधारत होता, माणूस बिघडत होता.

"भाऊजी, दम लागला का?"

"मला दम लागत नाही."

"नाही, पाय थरथरतायत म्हणून म्हटलं. ताई म्हणत होती, गोळीनं दुखतात."

"तुझी ताई उद्या म्हणेल, मी मेलो. तू पायरी बघ."

"मी उलटा चालतोय. मला पायऱ्या कुठं दिसतात? तुम्हीच दिसता."

मेहुणा हसला नाही. पावलं मात्र भराभर टाकायला लागला. वरच्यानं घाई केली की खालचा फरपटत जातो. हे त्याला काचवाल्यानंच शिकवलं होतं, करू नये म्हणून.

तिसऱ्या मजल्यापुढं बोटं सुटायला लागली. 'थांब' जिभेवर आला. तेवढं म्हटलं असतं, तर आरसा पायरीवर टेकला असता, दोघं घटकाभर बसले असते आणि उद्यापासून मेहुणा खाली आला असता. काचवाल्यानं शब्द गिळला. कोरडाच.

"थांबा," मेहुणा वरून म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "भाऊजी, थांबा. हात सुटतोय तुमचा."

आता थांबायला काहीच हरकत नव्हती. सगळं अंग तेच मागत होतं. पण शब्द वरून आला होता.

"थांब मी म्हणायचं," काचवाला म्हणाला आणि त्यानं पुढच्या पायरीवर पाय टाकला.

मांडीनं ती पायरी घेतलीच नाही.

आरसा भिंतीला टेकला, क्षणभर तसाच राहिला, मग तडकून जिनाभर पसरला. मेहुण्याच्या हातात वरचा कोपरा तेवढा उरला. काचवाला पायरीवर बसला होता. दोघांनाही खरचटलंसुद्धा नव्हतं. भांडायला दोघंही शाबूत होते.

"म्हणून सांगत होतो."

"वरून सांगतात का?"

"मग काय, पत्र पाठवू?"

चौथ्या मजल्यावरचं दार उघडलं. ज्यांचा आरसा होता त्या बाई कठड्यावरून वाकल्या. "कुणाला लागलं का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"मग काका, काचांत काय बसलात? उठा आधी."

काचवाल्यानं कठडा धरला. एकदा जोर लावला, पुन्हा लावला. मग मान खाली घालून, फक्त त्या बाईंनाच ऐकू जावं अशा बेतानं म्हणाला, "उठता येत नाहीये."

रिकाम्या जिन्यात ते सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं.

मेहुण्यानं हातातला कोपरा भिंतीशी उभा केला. काचा चुकवत उतरला, काचवाल्याला ओलांडून एक पायरी खाली गेला आणि त्याच्या दोन्ही काखांत हात घातले.

"सोड," काचवाला म्हणाला.

मेहुण्यानं सोडलं नाही. सगळं वजन आता त्याच्यावर आलं होतं.