गरम आलं का?

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटवायची नाही, हे पामीरच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नजरशोला माती देऊन माणसं परतली, तेव्हा शेजारच्या म्होबेगिम आजींनीच आपल्या घरून शोरव्याचं पातेलं आणलं. सगळ्यांना जेवू घालून त्या खरकटी भांडी घेऊन नळाशी बसल्या. नळ सोडला आणि त्यांनी चटकन हात मागे घेतला.

"सावरी! अगं, चूल कुणी पेटवली?"

नजरशोची बायको खांबाला टेकून उभी होती. "कुणी नाही, आजी."

"मग पाणी काय आपोआप तापलं? नवऱ्याला माती देऊन आलेत आत्ता कुठे, आणि घरात आग? लोक शेण घालतील तोंडात."

सावरीनं छताकडे बोट केलं. "सोलरचं आहे. उन्हावर तापतं."

"असेल. पण तीन दिवस बंद ठेव ते."

"मला नाही येत बंद करायला. कालच तर बसवलं त्यांनी. सकाळी नळ्या जोडल्या आणि दुपारी छपरावरूनच ओरडले, 'सावरी, नळ सोडून बघ गं, गरम आलं का?'"

आजींनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आधी गारच येत होतं. मी नळाखाली हात धरून बसले. मग आलं गरम. सांगायला बाहेर गेले, तर ते खाली अंगणात पडलेले."

नळ वाहतच होता. सावरीनं त्याखाली हात धरला.

"आलं होतं, आजी. सांगायचं राहिलं."