आतला बिघाड

काचेच्या खोलीत चिमणी बटण हातात धरून बसली होती आणि बटण काही दाबत नव्हती.

तिचे वडील, टेलर मास्तर, बाहेर उभे होते. कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंच्या मशीनवर दिवा लागला की आत आवाज गेला, आणि आवाज कळला की पोरीनं बटण दाबायचं, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. दिवा लागत होता, विझत होता. चिमणी आपली गुडघ्यांकडे बघत होती.

"जरा मोठा करा ना," मास्तर म्हणाले.

"याहून मोठा करत नाहीत, मास्तर."

तिच्या कानामागे आज कंपनीचं नवंकोरं यंत्र होतं, फक्त लावून बघायला दिलेलं.

चिमणी जन्मापासून बहिरी. ती लहान असताना एका संस्थेनं ऑपरेशन करून तिच्या कानाच्या आत यंत्र बसवून दिलं होतं. हत्ती फुकट मिळाला, चारा मात्र मास्तरांनी घालायचा होता. त्याला जोडून बाहेर कानामागे लावायच्या यंत्राची वायर तुटायची, बॅटरी दम तोडायची, डोक्याला चिकटणारी चकती बिघडायची. मास्तर आपल्या छोट्या दुकानात लोकांचे कपडे शिवायचे आणि शिलाई कंपनीच्या खिडकीत नेऊन भरायचे. पोर बोलायला लागली होती, शाळेत पहिल्या बाकावर बसत होती. तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

यंदा वायर खरखरायला लागली तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, "हे मॉडेल बंद झालं. पार्ट मिळणार नाहीत. नवंच घ्या."

नव्याची किंमत ऐकून मास्तर पायीच घरी आले.

चिमणीसमोर पैशांचं बोलायचं नाही, असा घरात नियम होता. पाळायला सोपा. ती पाठमोरी अभ्यासाला बसली की मास्तरांनी आणि तिच्या आईनं इस्त्रीच्या टेबलापाशी हळू आवाजात बोलायचं. ओठ दिसले नाहीत तर तिला कुठलं कळायला. भिंतींना कान असतात म्हणतात. या घरात भ्यायचंच तर भिंतींना.

"दुकान विकलं तर यंत्र येईल," मास्तर त्या दिवशी म्हणाले होते.

"आणि खाऊ काय? तुमचा टेप आणि कात्री?"

"कारखान्यात काजं-बटणं करीन. हात आहेत ना शाबूत."

"या वयात दुसऱ्याच्या हाताखाली? अहो, ते दुकान म्हणजे तुमचा जीव आहे."

"जीव तिकडे बसलाय, अभ्यास करत."

विषय तेवढ्यावर राहिला. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. चार-दोन दिवसांत वायरची खरखरही गेली आणि आवाजही गेला. "आई, काहीच येत नाही," चिमणी म्हणाली आणि खाली मान घालून बसली. तिच्या आईनं वायर हलवून बघितली, बॅटरी बदलून बघितली, शेवटी पदरात तोंड खुपसून रडली.

आणि आज हे. नवं यंत्र लावूनही बटण गप्प.

म्हणजे नवं घेऊन उपयोग नाही. दुकान वाचलं, असं क्षणभर मास्तरांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बाईंकडे बघवेना.

"मग बिघडलंय काय?"

"आतलं यंत्र असावं. कॉम्प्युटरवर ठीक दिसतंय, पण काही बिघाड तिथे सापडत नाहीत. पुन्हा ऑपरेशन करून बदलावं लागेल."

"संस्था देईल?"

"एकदाच देतात."

"थांबलो तर?"

"मेंदूची ऐकायची सवय मोडते. जितकं लवकर, तितकं बरं."

हे बोलणं चिमणी काचेच्या खोलीत असतानाच उरकलं. ऑपरेशनचं आत्ताच सांगून पोरीला कशाला घाबरवा, असा मास्तरांनी विचार केला.

घरी जाताना चिमणीनं त्यांची बाही ओढली. "बाबा, नवं यंत्र नाही ना घ्यायचं?"

मास्तर थांबले, तिच्यासमोर तोंड आणून सावकाश म्हणाले, "नाही. त्यानं फरक पडत नाही."

पोरगी खुदकन हसली. "बरं झालं. मला ओठ वाचता येतात की."

मास्तरांना वाटलं, एवढीशी पोर आपली समजूत घालतेय.

त्यानंतरही तिची आई रोज सकाळी चार्ज केलेली बॅटरी जुन्या यंत्रात घालून ते तिच्या कानामागे लावायचीच. कोण जाणे, एखादे दिवशी होईल चालू. चिमणीही निमूट लावून घ्यायची. त्या आठवड्यात ती घरभर उड्या मारत होती, आईला कामात मदत करत होती. हिला एवढा कसला आनंद झालाय, ते आईला कळेना.

मग एका दुपारी मास्तर लवकर घरी आले. चिमणी खिडकीशी भिंतीकडे तोंड करून, पाठमोरी गणितं सोडवत होती. आई इस्त्री करत होती. मास्तर टेबलापाशी जाऊन हळूच म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"शेजारच्या लाँड्रीवाल्याला दिलं दुकान. सही करून आलो. उद्या ऑपरेशनची तारीख घेऊ."

आईनं इस्त्री उभी करून ठेवली. "तिला विचारायचं तरी."

"विचारलं तर नको म्हणेल. तिला दुकानाचं कळूच द्यायचं नाही."

आईनं पुन्हा इस्त्री उचलली.

खिडकीशी पेन्सिल थांबली होती. चिमणीनं मान वळवली नाही. भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "बाबा, जा ना. दुकान परत घ्या."